पट्टी पूर्ण भरली होती

४ फेब्रुवारी, मंगळवार

पप्पा काल दुपारपासून घरी नाहीत.

एवढं लिहून बराच वेळ पेन तसंच धरून बसले. वर्गात मुलींना मी सांगते, घडलं तसं क्रमाने लिहा, डोकं ठिकाणावर राहतं. म्हणून लिहितेय.

काल मला विरारला प्रशिक्षणाला जावं लागलं. पप्पांजवळ केविन होता. धाकटा भाऊ म्हणून महिन्यातून एखाद-दोन वेळा त्याची पाळी येते, बाकी सगळे दिवस मी आणि सकाळी येणारी बाई. केविन पडवीत लॅपटॉप घेऊन बसला होता, ऑफिसची मीटिंग चालू होती. पप्पा आत झोपले होते. मीटिंग संपवून हा आत गेला तर खाट रिकामी आणि मागचं दार उघडं. केळीच्या वाडीतून मागच्या वाटेने गेले असणार. मी नंदाखालला घरी पोचले तेव्हा केविन विहिरीवर ओणवा होऊन पाण्यात बघत होता.

पप्पांचं नाव गॅब्रिएल, वय अठ्ठ्याहत्तर. एसटीत ड्रायव्हर होते, वसई डेपोत. दोन वर्षांपूर्वी विसरायला लागले. आधी चष्मा, मग जेवण झालं की नाही ते, मग आई वारली हेसुद्धा. अंगात पांढरा सदरा, राखाडी पँट आणि पायात माझ्या निळ्या स्लिपर. चौकीत हे सांगताना ‘माझ्या’ हा शब्द मला दोनदा म्हणावा लागला.

हवालदार बरे वाटले. म्हणाले, "बाई, नाक्यावरच्या दुकानांचे कॅमेरे बघा. तुम्ही गावातल्या, तुम्हाला लगेच दाखवतील. काही मिळालं तर पेन ड्राईव्हवर घेऊन या, पुढचं आम्ही बघतो."

केविनला मी एवढंच म्हटलं, "एक दुपार. एकच दुपार तुझ्याकडे होती." तो पुन्हा वाडीत शोधायला गेला.

५ फेब्रुवारी, बुधवार

दिवसभरात आधी देव दिसला आणि मग नाहीसा झाला.

नाक्यावर बाबूचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, त्याचा कॅमेरा रस्त्यावर बघतो. बाबू गिऱ्हाइकांत गुंतलेला, म्हणून केविन सकाळपासून एकटाच पडद्यासमोर ठाण मांडून होता. मी आगाशीत घरोघर फोटो दाखवत फिरत होते. त्याचा फोन आला. आवाज फाटलेला.

"रोवेना, दिसले! पप्पा दिसले. चालत येतात, थांबतात, एका गाडीला हात करतात आणि पुढे ड्रायव्हरजवळ बसून जातात."

मी रस्त्यातच रडायला लागले. "कसली गाडी?"

"टेम्पो. नंबर दिसतोय पण फार बारीक आहे, या स्क्रीनवर वाचता येत नाही. पोलिसांना मोठा करता येईल. आणि ऐक, टेम्पोच्या मागे..."

"बोलण्यात वेळ घालवू नकोस. कॉपी कर आणि सरळ चौकीत ये."

तो आला. हवालदारांनी पेन ड्राईव्ह लावला. फाईलचं नाव दिसलं. उघडायला गेले तर उघडेना. दुसऱ्या कॉम्प्युटरवर लावला, तिथेही तेच. आत नुसतं नाव, चित्र काहीच नाही. हवालदार म्हणाले, "फाईल पूर्ण आलीच नाही हो यात."

केविनचा चेहरा उतरला. "असं कसं? पट्टी पूर्ण भरली होती. मी बघत होतो, साहेब. हिरवी पट्टी शेवटपर्यंत गेली, ती खिडकी आपोआप मिटली, तेव्हाच मी काढला."

मी सगळ्यांसमोर म्हटलं, "पप्पांवर लक्ष ठेवता आलं नाही आणि एक फाईलही धड आणता येत नाही?"

दोन शिपाई खाली बघू लागले. मला पर्वा नव्हती.

परत दुकानावर गेलो तर शटर खाली. बाबू दुपारीच मेव्हण्याच्या लग्नाला उंबरगावला निघून गेला होता. फोनवर म्हणाला, "ताई, कॉम्प्युटरवर जागा नसते म्हणून मी ती फाईल कट करूनच दिली, इथे नाही राहिली. पण घाबरू नका, कॅमेऱ्याच्या डब्यात आहे ना मूळ. कुठे जातंय? सोमवारी सकाळी आलो की पुन्हा काढून देतो." किल्ली त्याच्याकडेच.

केविन म्हणाला, "मी आत्ता निघतो, उंबरगावला जाऊन किल्ली आणतो."

तेवढ्यात मला कळंबहून फोन आला. किनाऱ्यावरच्या एका कॉटेजच्या माळ्याने पांढऱ्या सदऱ्यातला म्हातारा पाहिला होता. मी केविनला म्हटलं, "किल्लीमागे दिवस घालवू नकोस. फूटेज डब्यात आहे, ते पळत नाही. माणूस पळतोय. कळंबला जा."

योग्यच केलं. आई होती तेव्हा दर रविवारी पप्पा तिला कळंबला न्यायचे. पाय तिकडेच वळणार.

६ फेब्रुवारी, गुरुवार

कळंबचा म्हातारा दुसराच कुणी निघाला. तिथलाच, रोज फिरायला येणारा. तरी मी केविनला तिथेच थांबायला सांगितलं. सुरूच्या बागा, बंद पडलेली कॉटेजेस, होड्यांचा आडोसा, काहीही असू शकतं.

संध्याकाळी तो आला, पँट गुडघ्यापर्यंत ओली. पाणीसुद्धा न मागता म्हणाला, "रोवेना, माझं जरा ऐक. तो टेम्पो कळंबच्या बाजूला गेलाच नाही. उलट्या दिशेला गेला. मागे पुठ्ठ्याची रिकामी खोकी रचलेली होती. तसा माल कामणच्या गोदामांत..."

"तू पाहिलंस?"

"हो, स्क्रीनवर."

"स्क्रीनवर तू फाईल पूर्ण आलेलीही पाहिली होतीस."

माझं काही चुकलं नाही. त्याच्या वाटण्यावर मी आता एक पाऊलही टाकणार नाही. सोमवारी फूटेज येईल, मग बोलू.

८ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी जेसिकाचा फोन. केविनची बायको गुणी मुलगी आहे, पण जरा हळवी. म्हणाली, "ताई, केविन दोन दिवस नीट जेवला नाही. झोपतही नाही, छताकडे बघत पडतो. काल म्हणाला, मी नसतो तर पप्पा घरी असते. त्याला जरा सांभाळून घ्याल का?"

मी म्हटलं, "मला कोण सांभाळून घेतंय, जेसिका?"

तिने फोन ठेवला. बरं झालं. सगळ्यांना केविनचीच काळजी. पप्पा उघड्यावर आहेत, पहाटेचा गारवा अजून हाडात शिरतो, अंगावर स्वेटर नाही, त्यांची रक्तदाबाची गोळी घरी पडून आहे. छताकडे बघायला ज्याला छत आहे त्याची मी काय काळजी करू?

९ फेब्रुवारी, रविवार

मिस्सेनंतर फादरनी पप्पांचं नाव घेऊन सांगितलं, कुणाला दिसले तर कळवा. सगळं चर्च मागे वळून माझ्याकडे बघत होतं. बाहेर बायका हात हातात घेत होत्या, केळी, भाकरी, डबे देत होत्या. मयताच्या घरी देतात तसं. मी एक डबा परत केला. मग वाईट वाटलं.

केविन आत आलाच नाही. शेवटपर्यंत बाहेर घंटेखाली उभा होता. सगळे रांगेत गेले तेव्हा ख्रिस्तशरीर घ्यायलाही नाही. लाज वाटत असेल, आणि वाटायलाच हवी.

उद्या सोमवार. उद्या बाबू येतो.

१० फेब्रुवारी, सोमवार

बाबू सकाळी आलाच नाही. लग्नघरातून निघायला उशीर झाला, संध्याकाळी पोचला. आम्ही तिघं, मी, केविन आणि हवालदार, दुकानासमोर दुपारपासून बसलेलो. त्याने शटर वर केलं, हात न धुता कॅमेऱ्याचा डबा चालू केला. मागे मागे जात राहिला. शुक्रवार, बुधवार, मंगळवार. मग सोमवार संध्याकाळ. आणि मग काहीच नाही.

"आणखी मागे घे," मी म्हटलं.

बाबूच्या कपाळावर घाम. "ताई, याच्या पोटात आठवडाभराचंच राहतं. नवीन भरत गेलं की जुनं आपोआप पुसलं जातं. मागच्या सोमवारची दुपार... आज दुपारीच गेली असणार."

पडद्यावर सगळ्यात जुनं जे उरलं होतं त्यात नाक्यावर तिन्हीसांज होती. एक कुत्रा, एक रिक्षा, आणि डावीकडून धावत येणारी एक बाई, पदर सुटलेला, प्रत्येकाला थांबवून काही विचारणारी. ती मी होते. पप्पा त्याच चौकटीत उभे होते, काही तासांपूर्वी. त्यांच्यावरून माझं चित्र चढलं होतं.

केविन हळूच म्हणाला, "बुधवारी मी किल्ली आणायला..." आणि थांबला. वाक्य पूर्ण केलं नाही.

मी पूर्ण केलं. मी म्हटलं, "बुधवारी तू फाईल नीट आणली असतीस तर किल्लीची गरजच नव्हती." मग आणखी पुष्कळ बोलले. त्यातलं एक इथे लिहिते, कारण ते डोक्यातून जात नाही. मी म्हटलं, "पप्पांना तू दोनदा हरवलंस."

हवालदार म्हणाले, "बाई, पुरे." केविन स्कूटर तिथेच ठेवून चालत निघून गेला.

१२ फेब्रुवारी, बुधवार

अर्नाळा, राजोडी, कळंब. कुठेच काही नाही.

आज पहिल्यांदा मनात आलं, सापडू देत, कसेही सापडू देत, पण हे संपू दे. मी वाईट मुलगी आहे. लिहिलंय ते खोडणार नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आजचा दिवस कसा लिहू?

मोठे फलक लावायचं ठरवलं होतं, वसई-विरारच्या सगळ्या नाक्यांवर. शाळेच्या कॉम्प्युटरवर पप्पांचा मोठा फोटो, माहिती, फोन नंबर, असं सगळं मांडलं. फाईल जड झाली. पेन ड्राईव्हवर टाकली. हिरवी पट्टी भराभर पुढे सरकली, शेवटाला टेकली, खिडकी मिटली. मी काढला, पर्समध्ये टाकला आणि नालासोपाऱ्याला छपाईच्या दुकानात गेले. तिथल्या सलोनीने लावला आणि म्हणाली, "टीचर, ही उघडत नाहीये."

मला आधी समजलंच नाही ती काय म्हणतेय.

"अर्धीच आलीय. काढायची घाई झाली वाटतं."

"घाई नाही. पट्टी पूर्ण भरली होती. मी बघत होते."

माझेच शब्द मला ऐकू आले. नव्हे, माझे नव्हते ते.

सलोनी सहज सांगत होती, तिला काय ठाऊक. "पट्टीवर नका जाऊ, टीचर. आमच्याकडे रोज कुणी ना कुणी असंच आणतं. कॉम्प्युटर सगळं आधी स्वतःजवळ उचलून घेतो आणि पट्टी भरून दाखवतो. पेन ड्राईव्हमध्ये मागाहून सावकाश उतरवत बसतो. त्याचा दिवा लुकलुकत असतो तोवर काम चालूच असतं. आधी इजेक्ट म्हणायचं, ‘आता काढा’ असं आलं की काढायचं. तुमची चूक नाही, बघणाऱ्याला वाटतंच की झालं."

तुमची चूक नाही. तिने माझ्या तोंडावर सांगितलं आणि मी काउंटरला धरून उभी राहिले. मी लगेच केविनला फोन लावला. काय सांगणार होते ते मला माहीत नव्हतं. वाजत राहिला. मग उचलला तो जेसिकाने.

"ताई, फोन घरीच टाकून गेलाय. पाकीटही इथेच आहे. सकाळी माझ्या कपाळावर हात ठेवून गेला, काही बोलला नाही. तुमच्याकडे नाही आला?"

मी रिक्षा केली आणि कळंब म्हटलं. का ते सांगता येत नाही. आठवडाभर मीच त्याला तिथे पाठवत होते, दुसरं कुठलं नाव सुचलंच नाही. रिक्षात मी रोझरी म्हणायला घेतली आणि पहिल्याच ‘नमो मरिये’पुढे शब्द आठवेनात. लहानपणापासून पाठ असलेले शब्द.

भरतीची वेळ होती. किनाऱ्यावर फारसं कुणी नव्हतं. एक कोळीण सुकट वाळत घालून बसली होती. मी धापा टाकत विचारलं, निळा शर्ट, उंच, दाढी वाढलेला? तिने हातानेच दाखवलं. लांब, उलट्या घातलेल्या होडीवर केविन बसला होता, पाणी पायाशी येत होतं.

"तुजा कोन?"

"भाऊ."

"सकालधरनं बसलाय. दोनदा पान्यात गेला कमरेपोत, दोनदा मी हाक मारली, तवा आला भायेर. पानी दिलं तं पीत नाय. म्हनून मी घरी गेलीच नाय, हितंच बसली. घेऊन जा त्याला बाय."

मी तिचे हात धरले. तिचं नावही विचारलं नाही.

केविनच्या शेजारी जाऊन बसले. पँट कमरेपर्यंत ओली, ओठ सुकलेले. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाला, "इथे नाहीत गं पप्पा. कितीदा बघितलं."

मी म्हटलं, "माहीत आहे."

मग मी त्याला पर्समधला माझा पेन ड्राईव्ह दाखवला आणि छपाईच्या दुकानात काय झालं ते सांगितलं. तो ऐकत होता की नाही कळत नव्हतं. शेवटी म्हणाला, "म्हणजे तुझीपण पट्टी भरली होती?"

"हो."

तो रडायला लागला. असा रडला की ती कोळीण उठून उभी राहिली. मी त्याला लहानपणी धरायचे तसं धरलं. माझ्या साडीला पाणी लागलं, वाळू लागली. बऱ्याच वेळाने मी त्याला जे विचारायला हवं होतं ते विचारलं. आठ दिवस उशिरा.

"केविन, तू त्या फूटेजमध्ये काय काय पाहिलंस? सगळं सांग."

जगात त्या एकट्यानेच ते पाहिलं होतं. आणि मी त्याला एकदाही पूर्ण बोलू दिलं नव्हतं.

त्याने डोळे मिटले आणि सांगत गेला. पिवळा छोटा टेम्पो. मागच्या फळीवर हिरवा मोर रंगवलेला, मोराची मान खरवडलेली. ताडपत्रीखाली पुठ्ठ्याची खोकी. ड्रायव्हरने आतून हात देऊन पप्पांना वर घेतलं. टेम्पो नालासोपाऱ्याच्या रस्त्याला लागला. "आणि पप्पा बसल्याबरोबर पुढे हात टाकत होते, रोवेना, गिअर शोधत असल्यासारखे. नोकरीतली शेवटची वर्षं त्यांनी कुठली गाडी चालवली? भिवंडी. कामणवरून जाणारी भिवंडी."

उद्या कामण. आज तो माझ्याकडेच झोपतोय. जेसिकालाही बोलावून घेतलंय.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

कामणच्या रस्त्याला गोदामांना अंत नाही. एकाच्या फाटकातून दुसऱ्याच्या, प्रत्येक राखणदाराला तेच. हिरवा मोर, मान खरवडलेली. कुणी हसत होतं, कुणी हाकलत होतं. ऊन डोक्यावर आलं तेव्हा एका पुठ्ठ्याच्या गोदामाबाहेर केविन एकदम थबकला. टेम्पो उभा होता. मोर होता.

ड्रायव्हरचं नाव काशीराम. पप्पांचा फोटो बघून त्याने डोक्याला हात लावला.

"हे बाबा? अहो, यांनी हात केला म्हणून थांबलो. चढले आणि म्हणाले, चल, भिवंडीची फेरी आहे, उशीर झालाय. मला वाटलं गंमत करतायत. रस्ताभर मला शिकवत होते, इथे गिअर बदल, इथे हॉर्न दे. मी पण हो साहेब, हो साहेब करत होतो. कामण नाक्यावर म्हणाले, थांबव, प्रवासी चढायचेत. उतरले. मी माल खाली करून परत आलो तर नव्हते. मला वाटलं गेले आपल्या घरी." त्याचा आवाज बसला. "घरचं कुणी शोधत असेल हे डोक्यातच नाही आलं हो."

तो आमच्याबरोबर नाक्यावर आला. स्वतःच विचारत सुटला. चहाच्या टपरीवरच्या बाईने सांगितलं, दुसऱ्या दिवशी सकाळी एक म्हातारा गटाराच्या कडेला पडलेला सापडला होता, उठता येत नव्हतं. लोकांनी रुग्णवाहिका बोलावली. ती भिवंडीच्या बाजूला गेली.

भिवंडी. जिल्हाच दुसरा. आमची तक्रार इकडे, पप्पा तिकडे.

१५ फेब्रुवारी, शनिवार

पप्पा सापडले. जिवंत आहेत.

भिवंडीकडच्या एका सरकारी रुग्णालयात, पुरुषांच्या वॉर्डात, कोपऱ्यातल्या खाटेवर. पायथ्याशी पाटी, ‘अनोळखी पुरुष’. दाढी वाढलेली, गाल आत गेलेले, मी आधी पुढेच निघून गेले. केविनने ओळखलं. खुब्याचं हाड मोडलंय. पाठीवर जखमा आल्यात. छातीत कफ भरलाय, श्वासाचा आवाज दारापर्यंत येतो.

संपदा नावाच्या सिस्टर आल्या. आम्ही कोण ते विचारलं. मी म्हटलं, "मी मुलगी, रोवेना. हा केविन."

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "रोवेना तुमचं नाव आहे?"

"हो. का?"

"पहिले काही दिवस बोलत होते ना. कुठून आलात, बाबा? तर म्हणायचे रोवेना. कुठे जायचंय? रोवेना. आम्हाला वाटलं गावाचं नाव. आमच्या वॉर्डबॉयने मोबाईलवर नकाशात शोधलंसुद्धा." मग जरा थांबून म्हणाल्या, "परवापासून बोलणं बंद झालं."

मी वाकून कानाशी म्हटलं, "पप्पा, मी रोवेना. आले मी." त्यांचे डोळे उघडे होते. माझ्यावरून सरकून खिडकीकडे गेले. केविनने चमच्याने पाणी दिलं, ते मात्र प्यायले.

डॉक्टर तरुण होते, दमलेले. म्हणाले, "आठवडाभर आधी कुणी आलं असतं तर लगेच ऑपरेशन करता आलं असतं. सही करायला कुणी नव्हतं, आणि आता छाती अशी आहे. इतका उशीर कसा झाला?"

मी पप्पांची चादर सारखी करू लागले.

केविन म्हणाला, "सीसीटीव्हीची फाईल उघडली नाही, डॉक्टर. माझ्या हातून पेन ड्राईव्ह लवकर काढला गेला."

एवढंच बोलला. माझ्याकडे बघितलंही नाही. डॉक्टरांनी मान हलवली आणि पुढच्या खाटेकडे गेले. मी तिथेच उभी. तोंड उघडता आलं असतं. नाही उघडलं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

छाती थोडी मोकळी झाल्यावर काल ऑपरेशन केलं. निभावलं. डॉक्टर म्हणतात, आता चालणं नाही, आणि बोलणं परत येईल की नाही सांगता येत नाही.

केविन आणि मी आळीपाळीने बसतो. आमच्यात बोलणं होतं ते डबा, औषध आणि कपड्यांचं. तो मला टाकून बोलत नाही. टाकून बोलला असता तर बरं झालं असतं.

काशीराम आज येऊन गेला. दोन नारळ ठेवून, पप्पांच्या पायाला हात लावून गेला. त्याची काहीच चूक नव्हती, तरी आला.

४ मार्च, मंगळवार

पप्पा घरी आहेत. पडवीत खाट टाकलीय, वाडी दिसते अशी. बोलत नाहीत. सकाळी पाव दुधात बुडवून दिला तर जेसिकाचा हात धरून ठेवला, सोडेनात. ती उभ्याची उभी राहिली, दूध सांडेपर्यंत. तिने आणि केविनने महिनाभर इथेच राहायचं ठरवलंय. पुढचं पुढे.

उद्या राखेचा बुधवार, उपवासकाळ सुरू होतो. त्याआधी चौकीत जाऊन तक्रार बंद करायची होती. केविन स्कूटरवरून घेऊन गेला, बाहेरच थांबला.

हवालदारांनी कागद पुढे ओढला. पप्पा कुठे, कोणत्या तारखेला, कोणत्या अवस्थेत मिळाले ते विचारून लिहीत होते. मी मध्येच म्हटलं, "साहेब, आणखी एक लिहा. माझ्या भावाने फूटेज पाहिल्यापासून सांगितलं होतं टेम्पो कुठे गेला ते. मी ऐकलं नाही. किल्ली आणायला जातो म्हणाला, मी जाऊ दिलं नाही. त्याची चूक नव्हती. ती फाईल... ते कुणाचंही झालं असतं. माझंही झालं."

ते पेन थांबवून माझ्याकडे बघत राहिले. मग मऊ आवाजात म्हणाले, "बाई, ‘इसम मिळून आला’ एवढंच लिहायचं असतं. बाकीचं इथे नसतं."

मी सही केली.

केविन स्कूटर चालू करून बसला होता. मी मागे बसले. नाका ओलांडेपर्यंत काही सुचेना. मग त्याच्या पाठीला, हेल्मेटच्या मागच्या बाजूला, मी ते म्हटलं. चौकीत जे म्हटलं होतं तेच सगळं, आणि शेवटी ‘माफ कर’. हा शब्द मी त्याला आयुष्यात कधी म्हटला नव्हता. मी मोठी ना.

"काय?" तो ओरडला.

समोरून बस गेली. ती जाईपर्यंत थांबले आणि मी पुन्हा म्हटलं, सगळं, पहिल्यापासून, मोठ्याने. सिग्नलला शेजारी थांबलेला रिक्षावाला वळून बघायला लागला, तरी थांबले नाही.

केविनने स्कूटर बाजूला घेतली. वळला नाही. आरशात त्याचे डोळे दिसत होते.

"ऐकलं," तो म्हणाला. "मघाशीच ऐकलं होतं."